एका डॉलरची सही : ‘अ कोरस लाइन’च्या पडद्यामागे

मंडळी, नायिकेच्या मागे रांगेत नाचणाऱ्यांची नावं आपण कधी लक्षात ठेवतो का? आज ज्या अमेरिकन संगीत नाटकाबद्दल आपण बोलणार आहोत, ते या मागच्या रांगेचंच आहे.

जानेवारी १९७४. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरचे रात्रीचे प्रयोग आटोपून काही नर्तक मध्यरात्री एका व्यायामशाळेत जमले. दिग्दर्शक मायकेल बेनेट यांनी टेपरेकॉर्डर लावला आणि एकेकाला बोलतं केलं. घर, आईवडील, लहानपण, नाचाकडे कसे वळलात? उजाडलं तरी बोलणं चालूच होतं. या टेपांमधून नाटक उभं राहिलं. गोष्ट साधी : कोरसमध्ये जागा आठ, निवडीसाठी उभे सतराजण.

आता पडद्यामागची खरी गोष्ट ऐका. आपलं आयुष्य वापरायचे हक्क या नर्तकांनी प्रत्येकी एका डॉलरला लिहून दिले! पुढे त्यांच्यापैकी काहींना चक्क स्वतःवरच बेतलेल्या भूमिकेसाठी चाचणी द्यावी लागली.

तालमींत आणि सुरुवातीच्या प्रयोगांत बरंच बदललं. एका गाण्यातला विनोद कार्यक्रमपत्रिकेत छापलेल्या शीर्षकातच फुटायचा, त्यामुळे हशा येईना. शीर्षक बदललं, गाणं तेच ठेवलं, आणि हशा आला.

२५ जुलै १९७५ ला नाटक ब्रॉडवेच्या शूबर्ट थिएटरात आलं. १९७६ च्या टोनी पुरस्कारांत त्याला १२ नामांकनं आणि ९ पुरस्कार मिळाले. त्याच वर्षी ‘शिकागो’ला ११ नामांकनं होती, हाती मात्र एकही पुरस्कार लागला नाही. नाट्यलेखनाचं पुलित्झरही ‘कोरस लाइन’ला मिळालं. ते पाचजणांच्या नावे होतं, आणि त्यांतले निकोलस डान्टे हे त्या रात्री टेपसमोर बोललेले नर्तक. त्यांच्या आयुष्यावर बेतलेल्या पॉलच्या भूमिकेसाठी सॅमी विल्यम्स यांना टोनी मिळाला. केली बिशप यांनाही मिळाला, तो स्वतःच्या आठवणींतून घडलेल्या शीलासाठी. पण टेपांवरच्या बाकीच्यांचं काय?

बेनेट यांनी नंतर आपल्या मानधनातला काही वाटा नर्तकांना दिला. तरी प्रश्न संपला नाही. २००६ मध्ये नाटक पुन्हा रंगभूमीवर आलं तेव्हा जुना वाद उफाळला, आणि २००८ मध्ये समझोता झाला. पहिल्या निर्मितीचे १९९० पर्यंत ६,१३७ प्रयोग झाले होते, हे लक्षात घ्या. म्हणजे तो एक डॉलर किती स्वस्तातला सौदा होता ते कळतं.

नाटकाचा शेवट आम्हाला म्हणूनच बोचतो. दोन तास आपण एकेकाची कहाणी ऐकतो, प्रत्येकजण ओळखीचा होतो. मग सगळे सारख्याच सोनेरी पोशाखात, सारख्याच टोप्या घालून नाचत येतात, आणि त्यांतला पॉल कोण, शीला कोण, हे आपल्याला शोधावं लागतं. पुरस्कारांच्या यादीतही त्या टेपांवरचे आवाज असेच शोधावे लागतात.