हँडलाखालचा सांधा

सायकलीच्या चौकटीच्या पुढच्या नळीत, हँडलाच्या खाली जो सांधा दडलेला असतो, तो खिळखिळा होऊन कुरकुरू लागेपर्यंत स्वाराचे लक्ष त्याच्याकडे सहसा जात नाही. तथापि स्वाराचा तोल ज्याच्या स्वाधीन आहे, त्या या अवयवाचा पूर्वेतिहास आदराने सांगावा असाच आहे. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइसने पुढचे चाक वळविता येईल असे दुचाकी वाहन सिद्ध केले, तेव्हाच या सांध्याची गरज उत्पन्न झाली. १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल स्यूरिरेने सायकलीसाठी पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट मिळविले. आणि कालांतराने वर व खाली कप, आत छर्रे व ग्रीस, माथ्यावर आट्यांचे नट, ही व्यवस्था रूढ होऊन तिचा अंमल विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. हँडल डुगडुगू नये आणि अडूही नये, इतकाच नट पान्ह्याने आवळण्याचे तारतम्य, ही सायकलींचे शहर म्हणून एके काळी ख्यातनाम असलेल्या पुण्यातील दुरुस्तीच्या दुकानांचीही विद्या होती.

१९९०च्या दशकात अमेरिकेच्या जॉन रेडरची या सांध्याची बिनआट्यांची रचना प्रचारात आली आणि शर्यतीच्या सायकलींनी कालांतराने तिचाच स्वीकार केला. तिच्यात हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमच्या बाजूचे बोल्ट प्रथम सैल करावे, माथ्यावरच्या टोपणाच्या बोल्टाने ढिलाई काढावी, स्टेम चाकाच्या रेषेत आणावा आणि मगच बाजूचे बोल्ट आवळावे. हा क्रम मोडल्यास श्रम व्यर्थ जातात. कुरकुर उरलीच, तर कप व बेअरिंग पुसून नवे ग्रीस द्यावे. साधने पालटली, तरी हाताचे तारतम्य हेच या विद्येचे खरे भांडवल आहे, आणि ते जतन करणे अगत्याचे आहे.