सोरायसिस : चट्टे त्वचेवर, खुणा रक्तात

त्वचेवर लालसर चट्टे उठणे आणि त्यांवरून चंदेरी पापुद्रे सुटणे, ही सोरायसिसची परिचित लक्षणे होत. निरोगी त्वचेची पेशी तळाच्या थरातून पृष्ठभागावर येऊन गळून पडण्यास सुमारे २८ दिवस लागतात. चट्ट्याच्या जागी हा प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. त्यामुळे अपक्व पेशींचे थर साचत जातात. हा रोग संसर्गजन्य नाही. तरीही रुग्णाशी हस्तांदोलन टाळणारे सुशिक्षितांतही आढळतात, हे खेदजनकच.

या रोगाचे मूळ शरीराच्या प्रतिकारयंत्रणेत आहे. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी अकारण उत्तेजित होऊन दाह वाढविणारी द्रव्ये स्रवतात. टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-१७ ही त्यांतील प्रमुख. चट्ट्यांत जमणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी प्राणवायूचे अतिक्रियाशील कण निर्माण करतात. या कणांचा निचरा करणारी यंत्रणा अपुरी पडली, की जी स्थिती उद्भवते तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

हे कण पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांवर आघात करतात आणि त्यातून मॅलॉनडायअल्डिहाइड हे द्रव्य तयार होते. सोरायसिसच्या रुग्णांच्या रक्तात ते वाढलेले, तर एकंदर प्रतिऑक्सिडीकारक क्षमता घटलेली असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या विकराबाबत मात्र निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. काहींना ते वाढलेले आढळले, काहींना घटलेले. धूम्रपान, मद्यपान आणि स्थूलता यांमुळेही हे आकडे बदलतात. त्यामुळे त्यातला रोगाचा वाटा नेमका किती, हे वेगळे काढणे अवघड जाते.

दाह रक्तात उतरतो, तेव्हा प्रश्न केवळ त्वचेचा राहत नाही. ब्रिटनमधील रुग्णनोंदींवर आधारित एक मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतील व्यक्तीस हृदयविकाराच्या झटक्याचा सापेक्ष धोका सुमारे तिप्पट असल्याचे त्यात आढळले. साठीतील रुग्णांत हे प्रमाण १.३६ पट होते. म्हणूनच रक्तदाब, रक्तशर्करा आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी तरुण रुग्णांनीही टाळू नये.

रोगाचे निदान मात्र रक्तावरून होत नाही. ते त्वचारोगतज्ज्ञ चट्टे पाहून करतात आणि शंका असल्यास त्वचेचा तुकडा तपासतात. तीव्रता मोजण्यासाठी १९७८ पासून ० ते ७२ गुणांचा 'पासी' निर्देशांक वापरात आहे. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन वाढलेले आढळले तरी साध्या जंतुसंसर्गातही ते वाढतेच. मॅलॉनडायअल्डिहाइडची मोजणी संशोधनापुरती उपयुक्त आहे. तिच्यावर पदरचे पैसे खर्चण्याचे रुग्णास कारण नाही. प्रतिऑक्सिडीकारक गोळ्यांनी चट्टे हटतात, असेही सिद्ध झालेले नाही.

खरी निकड आहे ती उपचारांशी निगडित रक्ततपासण्यांची. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी रक्तपेशींची संख्या आणि यकृत व मूत्रपिंडाचे कार्य वेळोवेळी तपासून घेणे अनिवार्य आहे. जैविक औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची चाचणी करतात, कारण शरीरात सुप्त असलेला क्षय त्यांमुळे उफाळू शकतो. मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतल्यास अस्थिमज्जेचे कार्य खालावून प्राणावर बेतू शकते. म्हणून गोळीचा वार चिठ्ठीवर ठळक लिहून घ्यावा.