क्षयाच्या लशीचें गळालेलें पान

पोथ्यांच्या पाठपरंपरेस जो न्याय लागतो, तोच क्षयप्रतिबंधक बी. सी. जी. लशीसही लागतो, असें आमचें मत आहे. फ्रान्समधील लिल येथें काल्मेत व गेराँ यांनीं १९०८ सालीं गाईच्या क्षयजंतूंची जोपासना आरंभिली. पित्तांत शिजविलेल्या बटाट्यावर १३ वर्षांत २३० नकला झाल्या. १९२१ सालीं पॅरिस येथें ती लस प्रथम एका अर्भकास दिली गेली.

पुढें ती देशोदेशीं गेली, प्रत्येक ठिकाणीं नकला होत राहिल्या, व पाठभेद पडले. मूळ प्रत आज उपलब्ध नाहीं. तथापि शाखा ताडून पाहतां आर. डी. १ नांवाचा जनुकांचा भाग एकींतही आढळत नाहीं. अर्थात् तें पान मूळ प्रतींतूनच गळालें असलें पाहिजे. लस निरुपद्रवी होण्याचें एक मुख्य कारण हेंच होय.

त्या पानावर ईसॅट-६ व सीएफपी-१० या प्रथिनांचा मजकूर होता. त्यांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइडें, आतां प्रयोगशाळेंत जुळवितां येतात. लशींत तीं नसल्यामुळेंच रक्तपरीक्षेंत त्यांच्या योगें खरा संसर्ग ओळखतां येतो.

चेंगलपट्टू येथें १९६८ सालीं आरंभिलेल्या पाहणींत या लशीनें प्रौढांच्या फुप्फुसक्षयास आळा घातला नाहीं. म्हणून सजीव जंतु न घेतां ईसॅट-६ सारखीं निवडक प्रथिनें नव्या लशींत घालून पाहण्यांत आलीं. परंतु गळालेलें पान असें पुन्हां जोडलें, तर वरील परीक्षा निरुपयोगी ठरते. त्रुटित पाठ भरणाऱ्या संपादकानें हा विवेक अवश्य राखावा.