पितळेवरची देवी

भंडाऱ्याचं पितळ शेजारच्या लाखनीकराला सांगावं लागत नाही. म्हणूनच रोमन ‘ब्राँझ’ नाण्यांबद्दलची पहिली दुरुस्ती त्यानेच करावी: यातली मोठी नाणी ब्राँझची नाहीतच, पितळेची आहेत. रोमन कारागीर बंद मुशीत तांबं, जस्ताचं खनिज आणि कोळसा तापवत. जस्ताची वाफ तांब्यात मुरली की पिवळंधमक पितळ तयार. त्याचंच पंचवीसेक ग्रॅमचं सेस्टर्टियस पाडत.

नाण्यावर देवी म्हणून आलेली पहिली सम्राज्ञी लिव्हिया, ऑगस्टसची बायको. ती इ.स. 29 मध्ये वारली. मुलगा टायबेरियसने तिला देवत्व मिळू दिलं नाही. ते 42 मध्ये नातू क्लॉडियसने दिलं. देवीचा नातू म्हणवून घेण्यात त्याची सोय होतीच!

पण खरा पूर आला तो थोरल्या फॉस्टिनाच्या नाण्यांचा. 140 मध्ये ती गेली आणि नवरा, सम्राट अँटोनायनस पायस, तिची नाणी पाडतच राहिला. एका बाजूला केसांचा अंबाडा डोक्यावर बांधलेली फॉस्टिना, भोवती ‘दिवा फॉस्टिना’, म्हणजे ‘देवी फॉस्टिना’, ही अक्षरं. दुसऱ्या बाजूला कधी ‘अनंतत्व’, कधी मोर. मोर जूनोचा, म्हणून सम्राज्ञीला स्वर्गात नेणारा. सम्राटासाठी ते काम गरुडाचं. मोर मात्र मूळचा आपल्याकडचा. तिच्या नावाने गरीब मुलींसाठी निधीही निघाला. धाकटी फॉस्टिना, पुढे तिसऱ्या शतकात पाउलिना आणि मारिनियाना अशी ही परंपरा चालत राहिली.

भारताकडे मात्र त्या काळात रोमचं सोनं-चांदी आलं, पितळ फारसं नाही. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्टियस ओढून नेतो अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार होती. हिशेब पितळी नाण्यात, माल सोन्याचा.

आपल्या सातवाहनांनी आईला देवी केलं नाही, पण यज्ञ सातकर्णीच्या चांदीच्या नाण्यावर तो ‘गोतमिपुत’ आहे: राजाच्या नावाआधी आईचं गोत्र. मला ही रीत जास्त पटते. इथे मानासाठी आईला मरणाची वाट पाहावी लागत नाही. मरणोत्तर मान विदर्भात एका राणीला देवळातून मिळाला. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातल्या वाकाटककालीन शिलालेखात देवाचं नाव ‘प्रभावतीस्वामी’ आहे. ते प्रभावतीगुप्तेच्या, म्हणजे मुलांच्या वतीने राज्य चालवणाऱ्या राणीच्या नावावरून ठेवलेलं.