सुर्खी

उर्दूत ‘सुर्खरू’ हा मोठ्या मानाचा शब्द आहे. शब्दशः अर्थ लाल चेहऱ्याचा, पण तो वापरला जातो यशस्वी, इभ्रतदार माणसासाठी. वर्गात हा शब्द शिकवताना आम्हांला आमच्या शाळेतील एक ज्येष्ठ सर आठवतात. पन्नाशीच्या आसपास त्यांचे नाक आणि गाल लाल राहू लागले. उन्हातून आले, गरम चहा घेतला, की चेहऱ्याची आग होई. सर पाच वक्तांचे नमाजी. तरी त्यांच्या मुलीचे स्थळ पाहायला आलेल्यांनी मध्यस्थाला हळूच विचारले, “वडील घेतात का?”

हा संशय जुना आहे आणि तो युरोपातही होता. तिथे लाल, फुगलेले नाक म्हणजे दारुड्याचे नाक, असे शतकानुशतके मानले गेले. चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रज कवीने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एक पात्र रंगवले. त्याचा चेहरा आगीसारखा लाल, पुटकुळ्यांनी भरलेला, मुले पाहून घाबरतील असा. आणि तो दारूचा शौकीन. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गिर्लांदायोचे सुमारे 1490 चे एक चित्र आहे. त्यातल्या म्हाताऱ्याच्या नाकावर गाठीच गाठी आहेत, पण नातू त्याच्याकडे किती मायेने पाहतो! चित्रकाराला जे दिसले ते समाजाला दिसायला वेळ लागला.

आपल्याकडच्या तिब्बच्या परंपरेतही ही लाली नोंदलेली आहे. इब्न सीना (मृत्यू 1037) यांच्या ‘अल-कानून’मध्ये ‘बादशनाम’ नावाच्या विकाराचे वर्णन येते. चेहऱ्यावरची ही विचित्र लाली कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या लालीसारखी दिसते आणि थंडीत अधिक उमटते, असे ते सांगतात. हा आजचा रोझेशियाच, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण लाली पाहून लगेच नाव देऊ नये, ती कशासारखी दिसते आणि कधी वाढते हे आधी पाहावे, ही रीत त्यात आहे.

आधुनिक नाव लंडनहून आले. रॉबर्ट विलन यांनी त्वचारोगांची वर्गवारी केवळ डोळ्यांना जे दिसते त्यावरून मांडायला घेतली. त्यांचे शिष्य थॉमस बेटमन यांनी 1813 च्या पुस्तकात मुरमांचे चार प्रकार सांगितले, त्यांतला एक ‘ॲक्ने रोझेशिया’. इथेच घोळ झाला. मुरमांच्या घरात नाव नोंदले गेल्याने पुढची दीडशे-दोनशे वर्षे लोक याला मुरूमच समजत राहिले. नाकाच्या गाठींना ‘रायनोफायमा’ हे नाव व्हिएन्नाच्या हेब्रांनी 1845 मध्ये दिले. त्याच सुमारास, 1842 मध्ये, बर्लिनच्या गुस्ताव सायमन यांना माणसाच्या त्वचेत सूक्ष्म डेमोडेक्स किडा सापडला. रोझेशियाच्या त्वचेत तो जास्त आढळतो. पण निरोगी चेहऱ्यावरही असतो. म्हणजे किडा सापडला म्हणून रोग सिद्ध होत नाही.

2002 मध्ये अमेरिकेतील नॅशनल रोझेशिया सोसायटीच्या तज्ज्ञसमितीने चार प्रकार ठरवले. एकाच माणसात दोन-तीन प्रकार दिसू लागल्याने 2017 मध्ये ती चौकट बदलली. आता चेहऱ्याच्या मध्यभागी कायम राहणारी, अधूनमधून भडकणारी लाली किंवा त्वचेचे जाड होणे, यांतले एक लक्षण निदानाला पुरते. ते नसेल तर वरचेवर चेहरा तापणे, पुटकुळ्या, दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या, डोळ्यांची चुरचुर यांतली किमान दोन लागतात. या आजाराला रक्ताची चाचणी नाही. चाचणी करतात ती दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी.

सरांबरोबर आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा हे सारे डोळ्यांदेखत पाहिले. डॉक्टरांनी खिडकीशी बसवून चेहरा पाहिला. मुरमात असतात तशी काळी टोके नव्हती. ल्युपसची लाली नाकाच्या बाजूच्या वळ्या सहसा सोडते. इथे तसे नव्हते. गालावर काचपट्टी दाबली, लाली क्षणभर विरली, सोडताच परत आली. पापण्या उलटून पाहिल्या. सावळ्या कातडीवर लाली लपते, म्हणून आग होते का, चुरचुरते का, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले. शेवटी म्हणाले, “चेहऱ्याला काय लावता? ट्यूब आणलीत?”

सरांनी संकोचाने खिशातून ट्यूब काढली. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली, स्टेरॉइडची. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळला होता, नंतर लावणे थांबवताच दुपटीने भडकला. हे दुखणे आपल्या देशात फार पसरलेले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बारा केंद्रांवरच्या पाहणीत 2,926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला असे मलम लावत होते, आणि त्यांतले कितीतरी गोरेपणासाठी! 2018 मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी. गल्लीतल्या दुकानात ती बंदी कितपत पोहोचली, हे वाचकांनीच आठवून पाहावे. अशा मलमाने रोझेशियासारखाच चेहरा होतो आणि असलेला रोझेशिया झाकलाही जातो. म्हणून डॉक्टरांनी मलम हळूहळू कमी करत थांबवायला लावले आणि काही आठवड्यांनी पुन्हा बोलावले. मगच नाव सांगितले.

सरांनी एकच प्रश्न विचारला, “दारूने होतो का हा?” डॉक्टर म्हणाले, दारूने काहींचा चेहरा भडकतो, तसा उन्हाने, तिखटाने, गरम चहानेही, आयुष्यात थेंब न घेतलेल्यांनाही हा आजार होतो.

सरांनी ते एका कागदावर लिहून मागितले. डॉक्टरांनी आधी इंग्रजीत लिहिले. सर म्हणाले, “मराठीतही लिहा साहेब, मध्यस्थाला इंग्रजी येत नाही.”