ल्यूथरचे स्वातंत्र्य आणि तिसरे कलम

मार्टिन ल्यूथर म्हणजे आधुनिक युगाचा उद्गाता, असे पाठ्यपुस्तक सांगते. बी.ए.च्या वर्गात मीही ते शिकवतो. पण 1525 साल आले की ते वाक्य मला पुरत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्या संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली. बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलना'त ल्यूथरच्या सुधारणेला युरोपच्या राजकीय मुक्तीची नांदी म्हटले. म्हणूनच हा माणूस आपण तपासून घेतला पाहिजे.

जन्म 1483, आइसलेबेन. बाप तांब्याच्या खाणधंद्यातला, घराणे शेतकऱ्याचे. 1505 साली जवळच वीज कोसळली. भेदरलेल्या या विद्यार्थ्याने संत अ‍ॅनाला नवस बोलला आणि वकिली शिकायची सोडून मठ गाठला. तो मध्ययुगीन माणूस त्याच्यातून कधीच गेला नाही. सैतान त्याच्या लेखी रूपक नव्हता, रोजचा वैरी होता. जगाचा अंत त्याला जवळ दिसत होता. तरीही 1517 साली त्याने पापक्षमापत्रांच्या बाजारावर घाव घातला, 1521 साली सम्राटासमोर माघार नाकारली, 1522 साली नवा करार लोकांच्या जर्मन भाषेत आणला. पुरोहिताची मध्यस्थी मोडणे हे लहान काम नव्हे, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

भूदासांनी त्याचा शब्द खरा मानला. मार्च 1525 मध्ये मेमिंगेन येथे शेतकऱ्यांनी बारा कलमे लिहिली. तिसरे कलम असे : ख्रिस्ताने रक्त सांडून सर्वांनाच सोडवले, मग आम्ही कुणाची मालमत्ता कसे? ल्यूथरचे उत्तर : तुम्ही ख्रिस्ती स्वातंत्र्य देहाला लावता; अब्राहामाकडेही गुलाम होते. जुलमी सरदारांनाही त्याने सुनावले, हे खरे. पण बंड पेटताच, सापडेल तिथे बंडखोर मारा, असे त्याने राजांना लिहिले. 15 मे रोजी फ्रांकेनहाउझेनला हजारो शेतकरी कापले गेले.

हे ढोंग होते का? मला तसे वाटत नाही. त्याच्या जगात प्रत्येकाचा दर्जा ईश्वराने नेमलेला होता. आत्मा मुक्त, देह धन्याचा. वाळवंटात सारे समान आणि गावात परतताच महारवाडा वेगळा, हे अनुभवलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

ल्यूथरपंथी प्रशियात भूदासपद उठवणारा हुकूम निघाला 1807 साली. तोही नेपोलियनकडून मार खाल्ल्यानंतर.