खरा बोल आणि त्यापुढचे 'तरीही'

'ट्रायल' म्हणजे परीक्षा, चाचणी, अशी आपली समजूत असते. शब्दाचे मूळ मात्र दुसरीकडे आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे तिथल्या कोर्टांत त्यांची फ्रेंच रुजली. त्या फ्रेंचमध्ये 'ट्रिए' म्हणजे निवडणे, चांगले आणि वाईट वेगळे काढणे. मराठी वाचकाला हे लगेच ओळखीचे वाटेल, कारण आपला 'निवाडा' आणि धान्य 'निवडणे' ही एकाच घरची माणसे आहेत. दोन दूरच्या भाषांनी न्यायासाठी एकच क्रिया निवडावी, याचा मला फार आनंद होतो.

पण निवडायचे कोणी? इंग्लंडकडून कायदा घेतलेल्या अमेरिकेने दिवाणी दाव्यांतही हे काम सामान्य नागरिकांकडे ठेवले. १७९१ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कॉमन लॉच्या, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या इंग्रजी कायद्याच्या, दाव्यांत ज्यूरीचा हक्क राखला आणि दावा वीस डॉलरांहून अधिक रकमेचा असावा अशी अट घातली. ते वीस डॉलर आजही वीसच आहेत. संघीय न्यायालयांचे दिवाणी कामकाज ज्या नियमांवर चालते ते १९३८ पासूनचे. त्यातला अडतिसावा नियम सांगतो की ज्यूरी हवी असेल तर लेखी मागा, आणि ठरलेल्या मुदतीत मागा. गप्प बसलात तर हक्क सोडला असे धरले जाते.

'ज्यूरी' हा शब्द 'शपथ घेणे' या अर्थाच्या लॅटिन 'यूरारे'वरून आला, आणि त्याच्या मागे 'यूस' म्हणजे कायदा, हक्क. भाषाशास्त्रज्ञ या 'यूस'चे नाते वेदातल्या 'योस्' या कल्याणवाचक शब्दाशी जोडतात. आपल्या 'शपथ' शब्दात 'शप्' म्हणजे शाप देणे हा धातू आहे. खोटे बोललो तर माझे वाईट होवो, असे स्वतःवरच ओढवून घेणे. तिकडे शपथेत कायदा, इकडे शाप. 'पंच' मात्र संख्येवरून आला, आणि पंचनाम्याला दोन पंच पुरू लागल्यावर ती संख्याही मागे पडली. अमेरिकेतल्या ज्यूरीचेही तसेच झाले. बारांची परंपरा शतकानुशतकांची, पण संघीय दिवाणी दाव्यात आज किमान सहा आणि जास्तीत जास्त बारा ज्यूरर चालतात. १९७३ मध्ये कोलग्रोव्ह विरुद्ध बॅटिन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहांच्या ज्यूरीला मान्यता दिली. आकडा बदलला तरी 'ज्यूरी' हे नाव खोटे ठरले नाही, कारण ते आकड्यावर उभे नव्हते. शपथ अजूनही प्रत्येकाला घ्यावीच लागते.

ज्यूरी निवडण्याच्या टप्प्याला 'व्वार दीर' म्हणतात. आधुनिक फ्रेंच येणारा माणूस इथे 'पाहणे' आणि 'बोलणे' असा अर्थ लावतो आणि फसतो. हा 'व्वार' पाहण्याचा नव्हे, लॅटिन 'वेरुम'चा, म्हणजे सत्याचा. खरे बोलणे. पूर्वग्रह आहेत का, पक्षकारांशी नाते आहे का, हे उमेदवारांनी खरे सांगायचे. त्यानंतर प्रत्येक बाजूला कारण न देता तीन जणांना नाकारता येते. मात्र १९९१ च्या एडमनसन विरुद्ध लीझव्हिल काँक्रीट या निकालापासून दिवाणी दाव्यातही कुणाला वंशावरून नाकारता येत नाही.

तेच सत्य 'व्हर्डिक्ट'मध्ये पुन्हा भेटते. 'वेर' म्हणजे खरे, 'दिक्त' म्हणजे बोललेले. ज्यूरी आत जाताना खरे बोलते आणि बाहेर येताना खरे बोललेले घेऊन येते, अशी ही रचना. 'निकाल' या आपल्या शब्दात प्रकरण बाहेर काढून संपवणे आहे, सत्याचा दावा नाही. व्हर्डिक्टमध्ये तो नावातच आहे, आणि म्हणूनच पुढची गोष्ट मला इतकी महत्त्वाची वाटते.

कारण न्यायाधीशाला हे खरे बोललेले बाजूला ठेवता येते. त्यासाठी वकिलाने 'मोशन' करायचे. लॅटिन 'मोवेरे' म्हणजे हलवणे. कोर्ट आपणहून सहसा हलत नाही, त्याला हलवावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर वर्षानुवर्षे चाललेली 'नोटीस ऑफ मोशन' याच कुळातली. ज्यूरीच्या निर्णयाविरुद्ध केलेल्या मोशनवर जो निकाल मिळे, त्याचे जुने नाव अर्धे लॅटिन होते: जजमेंट 'नॉन ऑब्स्तान्ते वेरेदिक्तो', खरे बोललेले असूनही दिलेला निकाल. एकाच नावात सत्य मान्य करून त्याच्या पुढे 'तरीही' म्हणण्याचे धैर्य आहे.

सातव्या घटनादुरुस्तीला हे 'तरीही' सहज पचणारे नव्हते. ज्यूरीने ठरवलेली वस्तुस्थिती कॉमन लॉच्या रीतीखेरीज पुन्हा तपासू नये, असे तीच सांगते. १९१३ मध्ये एका विमा कंपनीविरुद्धच्या स्लोकम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निकाल घटनाबाह्य ठरवला: ज्यूरी चुकली असे वाटत असेल तर नवी ज्यूरी बसवा, तिच्या जागी स्वतः बसू नका. बावीस वर्षांनी, १९३५ च्या रेडमन खटल्यात, वाट निघाली. न्यायाधीशाने कायद्याचा प्रश्न आधीच राखून ठेवून मग दावा ज्यूरीकडे सोपवला असेल, तर नंतर तो राखलेला प्रश्न सोडवायला हरकत नाही. जुन्या इंग्लंडातही तसे होत असे. दोन्ही निकालपत्रे न्यायमूर्ती व्हॅन डेव्हँटर यांचीच.

आजचा पन्नासावा नियम या फटीतूनच वाढला. दावा ज्यूरीकडे जाण्याआधी वकिलाने म्हणायचे की समोरच्याकडे पुरेसा पुरावा नाही, कोणतीही समंजस ज्यूरी त्याच्या बाजूने जाणार नाही. न्यायाधीशाने ते मान्य केले नाही, तर कायद्याचा प्रश्न राखूनच दावा ज्यूरीकडे दिला असे नियम मानून चालतो, मग न्यायाधीश त्याबद्दल चकार शब्द बोललेला नसला तरी. विरुद्ध व्हर्डिक्ट आल्यास निकाल नोंदवल्यापासून अठ्ठावीस दिवसांत तेच मोशन पुन्हा करता येते. पहिले मोशन विसरलेल्या वकिलाला दुसरे मिळत नाही. नवख्या माणसाला हा निव्वळ तांत्रिक काच वाटेल. १९१३ आणि १९३५ शेजारी ठेवून पाहिले, की ज्यूरीचा मान आणि न्यायाधीशाचा अधिकार दोन्ही एका वाक्यात सांभाळण्याची धडपड त्यात दिसते.

आपल्याकडे १९५९ मध्ये नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही, पण निर्णय स्वतः उलटवण्याची त्यांना मुभा नव्हती. प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावे लागले. अमेरिकेत फौजदारी खटल्यातली अशी निर्दोष मुक्तता न्यायाधीशाला मुळीच उलटवता येत नाही. न्यायाधीशाचे तिथले 'तरीही' वादीप्रतिवादींमध्ये कुणाच्याही विरुद्ध चालते ते दिवाणी दाव्यातच.

१९९१ मध्ये अमेरिकेतला हा पन्नासावा नियम दुरुस्त झाला आणि व्हर्डिक्टच्या आधीचे व नंतरचे दोन्ही प्रकार 'कायद्याच्या मुद्द्यावरचा निकाल' या एकाच नावाखाली आले. जुनी नावे कालबाह्य आहेत, न्यायाधीश आणि ज्यूरी यांच्या नात्याबद्दल गैरसमज करून देतात, असे नियम दुरुस्त करणाऱ्या समितीने म्हटले. दोन्ही मोशनांची कसोटी एकच आहे, तेव्हा नाव एक असावे हे तर्काला धरूनच आहे. तरी मला हा बदल तोट्याचा वाटतो. नव्या नावातून ज्यूरी नाहीशी झाली. ते वाचणाऱ्याला कळतही नाही, की शपथ घेतलेल्या सहा-बारा नागरिकांनी आठवडाभर पुरावा ऐकून एकमताने काही ठरवले होते आणि ते पुसले गेले. जुने नाव लिहिताना न्यायाधीशाला 'वेरेदिक्तो' हा शब्द उच्चारावा लागे, आपण काय बाजूला सारतो आहोत त्याचे नाव घ्यावे लागे.

अमेरिकेतले वकील बोलताना आजही त्या जुन्या नावाची आद्याक्षरे घेऊन 'जेएनओव्ही' म्हणतात, आणि कायद्याचे प्राध्यापक वर्गात आधी तेच शिकवतात. अनेक राज्यांच्या न्यायालयांत तर ते अधिकृत नाव म्हणूनही टिकून आहे.